गव्हर्नरसाहेबांचा अर्धा तास

आमच्या हॉलमध्ये दोन घड्याळं आहेत. एक इथलं, आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतलं. त्यावर मुलगा ऑफिसला जातो आणि नात शाळेच्या बससाठी पळते. दुसरं ह्यांचं, भारताच्या वेळेचं. हे जेवतात, झोपतात, औषध घेतात ते त्याच्यावर. त्यामुळे मला सगळ्यांच्या दीड तास आधी ह्यांच्या पोळ्या लाटाव्या लागतात. माझ्या गुडघ्यांना घड्याळ कळत नाही, ते दोन्ही वेळांना दुखतात.

ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं फौजेत घालवली, ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले, पण बोलतात ते मोजक्या महिन्यांबद्दल. लढाईत सरहद्दीपलीकडचं एक वाळवंटातलं गाव आपल्या हाती आलं आणि ते परत देईपर्यंत हे तिथले मिलिटरी गव्हर्नर होते. तेव्हा नुसते मेजर. मी पुण्यात, नवीकोरी बायको. बातमी कळताच मी गव्हर्नरीणबाईंना शोभेलशी मोतिया रंगाची साडी घेऊन आले. मान इतकी ताठ, की वाण्याने विचारलं, "वहिनी, मान आखडली का?" बंगला, हिरवळ, मोर, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. हे राहत होते शाळेच्या एका खोलीत आणि दिवसभर शेळ्यांवरून झालेली भांडणं सोडवत होते. साडी शेवटी शेजारच्या बारशाला नेसले.

"आपण तिथे कुणाला दुखावलं नाही. निघालो तेव्हा लोक रडले," हे ह्यांचं वाक्य. मी जन्मभर ऐकतेय. नात तर सुरुवात झाली की म्हणते, "आजोबा, दे क्राइड, आय नो." पण हृदयाचं दुखणं लागल्यापासून ह्यांना त्या गावातला एक तरी माणूस भेटायला हवा होता, हे खरं आहे असं म्हणणारा.

आणि तो भेटला, खालच्याच मजल्यावर. मुलीकडे राहायला आलेला पांढऱ्या दाढीचा गृहस्थ. लिफ्टमध्ये मी सहज गाव विचारलं, तर नेमकं तेच. लोक रडलेच नसतील तर? थोडे दिवस ह्यांच्यापासून लपवलं. मग वाटलं, ह्या वयात आणखी किती सांभाळायचं? सांगून टाकलं.

संध्याकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून खाली बाकावर, मी शेजारी. त्या गृहस्थाने ह्यांना बराच वेळ न्याहाळलं.

"अच्छा. घडीवाले साहब आप थे."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. त्याने सांगितलं, गव्हर्नरसाहेबांचा पहिलाच हुकूम: गावातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढे, भारताच्या वेळेवर. संचारबंदीसुद्धा त्याच वेळेवर. "अब्बा की घडी में अभी आधा घंटा बाकी था. खेत से लौट रहे थे. दो रात बंद रहे, आप ही के स्कूल में."

"किसी ने मारा तो नहीं?" ह्यांचा आवाज मेजरचा नव्हता.

"नहीं नहीं. चाय भी मिली. लेकिन अम्मा ने दो दिन चूल्हा नहीं जलाया."

"आम्ही निघालो तेव्हा…" हे मराठीतच सुरू झाले, मग सावरले. "जब हम गए, लोग रोए थे ना?"

तो दाढीवरून हात फिरवत राहिला. "साहब, मैं तो बच्चा था. इतना याद है, उस दिन सबने घडियाँ पीछे कीं." मग म्हणाला, "कल आइए, असर की नमाज के बाद. चाय मेरी तरफ से."

रात्री हे आपल्याच घड्याळावर औषध घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारीच हे शर्ट घालून हॉलमध्ये बसले, आपल्या घड्याळाकडे पाठ करून.

"अगं, असर किती वाजता?"

"दुपार कलल्यावर, पण रोज थोडं बदलतं. उन्हावर असतं. अजान ऐकू येईल."

"मग खिडकी उघड."

एसी चालू, बाहेर भट्टी. उघडली. आणि आम्ही दोघं घाम पुसत, कान देऊन बसलो.