दादाच्या इंजिनाला नवी बॉडी

गेल्या दिवाळीत मी दादाची जेट स्की खडकावर घातली. तेव्हापासून वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. त्यामुळे परवा शनिवारी सकाळी सात वाजता ती हातात डबा घेऊन माझ्या गाडीत येऊन बसली, तेव्हा मी आधी सीटबेल्ट लावला आणि मगच तोंड उघडलं.

"चारकोपला महेशकडे जातोय. त्याच्याकडे एक आहे."

"कुठेही ने," ती म्हणाली. "पण त्यांची होती तशीच घ्यायची. आधीच सांगून ठेवते."

या ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. उभ्याने चालवायच्या जेट स्कीला सीट नसते. मागच्या बाजूला एक उघडी जागा असते, तिला ट्रे म्हणतात. त्यात उभं राहायचं, समोरून येणारा लांब दांडा धरायचा, आणि तोल गेला की पाण्यात. माझा मोठा भाऊ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने एक जुनी स्की घेतली, तिचं इंजिन स्वतः उघडून उभं केलं, आणि वसईपलीकडच्या एका बंद दगडखाणीच्या तळ्यावर मालकाच्या परवानगीने आम्ही भावंडं रविवार घालवू लागलो. लाट नसलेल्या पाण्यावर गिरक्या आणि उड्या मारायच्या, नाक आभाळाकडे काढून फिरायचं, या खेळाला फ्लॅटवॉटर फ्रीस्टाइल म्हणतात. दीड वर्षापूर्वी दादा गेला. पाण्याने नाही, हृदयाने, भर दुपारी, कामावर. लोक आधी तेच विचारतात म्हणून सांगून टाकते.

त्याच्यानंतर मी एकटीच तळ्यावर गेले, आणि तिसऱ्याच फेरीत काठाच्या खडकाने स्कीचं पोट फाडलं. इंजिन वाचलं. बाकी सगळ्याची वाट लागली.

अशा वेळी लोक इंजिन आणि पंप काढून बाहेरून बनवून घेतलेल्या नव्या सांगाड्यात बसवतात. पुस्तकी लोक त्याला हल म्हणतात, गॅरेजात सगळे बॉडीच म्हणतात. आमच्या घरात मात्र हा शब्द कोणी काढत नाही. हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी काउंटरवरचा माणूस दर दहा मिनिटांनी विचारत होता, बॉडी कोण घेणार? आणि भांडुपहून आई फोनवर मला विचारत होती, "बॉडी गावली काय गो?" वहिनी माझ्या शेजारीच बसली होती. तिने ते दोन्ही ऐकलं.

आता रस्त्याचं. भांडुपहून सातला निघालात तर पवईवरून लिंक रोडने हायवेला लागून तासाभरात चारकोपला पोचता. नऊला निघालात तर डब्याची सोय करून निघा. गोरेगाव मागे पडेपर्यंत वहिनी एकच वाक्य बोलली: "एसी कमी कर." मी कमी केला.

महेश दादाचा जुना दोस्त. औद्योगिक वसाहतीत मागच्या बाजूला त्याचा गाळा आहे. दारातच लोखंडी घोडीवर दादाचं इंजिन होतं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. चादर वहिनीने ओळखली. आमच्याच घरातून गेली होती.

"वहिनी, बसा ना. चहा सांगतो," म्हणत महेशने भिंतीवरची काळी कार्बनची बॉडी उतरवली. परदेशी, कोणीतरी वापरलेली. "एका हाताने उचल, नीलू. झकास आहे की नाही?"

खरंच झकास होती. एका हाताने नाही, पण दोन्ही हातांनी मी ती एकटीने उचलली. आखूड, हलकी, पोटाला पुढून मागे छान वळण. हे वळण महत्त्वाचं. सपाट पाण्यावर उसळायला लाट मदतीला नसते, तेव्हा नाक पटकन वर यायचं तर पोट गोलसर आणि लांबी कमी हवी. पण जितकी आखूड आणि हलकी, तितकी ती उथळ स्वभावाची. जरा वजन इकडचं तिकडे झालं की फेकून देते, आणि जड माणूस तिच्यावर नुसता उभा राहिला तरी ती पाण्याखाली जाते. सेकंडहँड घेणार असाल तर खिशात एक नाणं ठेवा आणि सगळीकडे वाजवून बघा. मी वाजवलं. टक, टक, टक, आणि नाकाजवळ आवाज बसला.

"दुरुस्तीय तिकडे," महेश म्हणाला. "लपवत नाही मी. आधी सांग, बॉडी कोणासाठी?"

मी एका दमात सांगितलं. "चौऱ्याऐंशी किलो. पाच फूट दहा. डावा पाय पुढे."

वहिनीने कप खाली ठेवला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या डोळ्यांमधलं अंतर मोजते, आणि एवढी वर्षं माझं माप कधी चुकलेलं नाही.

"हे तर दादाचं झालं, यार," महेश हळूच म्हणाला. "तुझं सांग."

"छप्पन्न."

"एकसष्ट," वहिनी कपाकडे बघत म्हणाली. "आईंच्या डॉक्टरकडे काट्यावर उभी राहिलीस तेव्हा मी तिथेच होते."

तेव्हा वाचकहो, वजन खरं सांगा. आणि ओल्या कपड्यांचं, लाइफ जॅकेटचंही त्यात धरा.

महेशने कार्बनची बॉडी परत भिंतीला लावली. मग मान खाजवत म्हणाला, "एक विचारू? गोराईच्या पास्कल अंकलकडची तुम्ही आणली नाही का? दादाने तिकडे एक टाकली होती. ऑर्डर."

"कधी?" वहिनीने विचारलं.

"जायच्या महिनाभर आधी असेल. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. वहिनी उठली, डबा उचलला आणि मला म्हणाली, "चल."

गोराईला गाडीने जायचं तर भाईंदरवरून लांबचा वळसा पडतो. त्यापेक्षा बोरिवलीच्या जेट्टीपाशी गाडी लावा आणि फेरीबोट पकडा. तिकीट अगदी किरकोळ आहे, सुट्टे पैसे ठेवा, आणि शनिवार-रविवारी पिकनिकवाल्यांच्या आधी पोचा. जेट्टीवरच्या बाकावर आम्ही डबा उघडला. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दादाला रविवारी तळ्यावर जाताना ती हेच द्यायची, आणि तो माझ्या वाटचेही खायचा. हे मी तिला सांगितलं. "ठाऊक आहे. म्हणून चार जास्त घालत होते," ती म्हणाली.

वहिनीला पाण्याची भीती वाटते. अठरा वर्षांच्या संसारात ती तळ्यावर एकदाही आली नव्हती. बोट सुटली तशी तिने माझं मनगट धरलं आणि पलीकडचा धक्का लागेपर्यंत सोडलं नाही. खाडीला भरती होती, दोन्ही बाजूंना तिवरं अर्धी पाण्यात उभी होती. तिने काही पाहिलं नाही.

तिथून रिक्षाने गावात. पास्कल अंकलची शेड त्यांच्या घरामागे माडांत आहे. दोन मच्छीमार होड्या दुरुस्तीला उलट्या घातल्या होत्या आणि फायबरच्या रसायनाचा वास रस्त्यापासूनच येत होता. अंकल सत्तरीचे असतील. दादाचं नाव सांगितल्यावर ते हात पुसत पुढे आले.

"फोन लावला मी. बंद येत होता. मग महेशकडून कळलं," ते म्हणाले. "दोघं आले होते मागायला. दिली नाही. ऑर्डर त्याची होती."

त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. रंग न दिलेली, राखाडी, हाताने थर चढवलेली फायबरची बॉडी. कार्बनच्या बॉडीपेक्षा वीतभर लांब आणि चांगलीच जड. मी नाणं वाजवत नाकापासून शेपटीपर्यंत गेले. आवाज कुठे बदलला नाही.

ट्रेमध्ये फूटहोल्ड अजून लावलेले नव्हते. फूटहोल्ड म्हणजे पाय अडकवायचे खिसे. उडीत तेवढाच आधार असतो. अंकल ते मापाच्या पट्टीने लावत नाहीत. चालवणाऱ्याला अनवाणी ट्रेमध्ये उभं करतात, दांडा धरायला लावतात, आणि पायांभोवती पेन्सिल फिरवतात. त्या ट्रेमध्ये दोन पाय पेन्सिलीने आधीच काढलेले होते. डावा पुढे. उजव्या करंगळीपाशी रेघ बाहेर फुगलेली, कारण लहानपणी गावच्या घरी उखळाला ठेच लागून ती करंगळी कायमची वाकडी झाली होती.

वहिनी वाकली. "त्यांचाच," म्हणाली.

मी चपला काढल्या आणि त्या रेघांत उभी राहिले. दोन पायांतलं अंतर मला जास्त होतं, गुडघे ताठ झाले.

"इथे लावले तर पहिल्या गिरकीत पडशील," अंकल म्हणाले. "बॉडी चालेल तुला. जरा मोठी आहे, पण सांभाळून घेईल. पाय तुझे घ्यावे लागतील."

"नको," मी म्हटलं. "इथेच लावा. होती तशीच."

"मग चालवणार कोण?"

"कोणी नाही. घरी राहील."

"मग मी देत नाही." अंकलनी सरळ ताडपत्री उचलली. "शोभेला ठेवायची तर कपाट घे. मी पाण्यात जायच्या वस्तू करतो."

मला त्यांचा राग आला. दीड वर्षात दादाचं जे जे हाताला लागलं ते आम्ही जपलं होतं, आणि मी त्यातली एक वस्तू फोडली होती. आता दुसरी पुसायची माझ्यात हिंमत नव्हती. वहिनीने काय सांगितलंय ते माझ्या कानात होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

तेवढ्यात वहिनीने सँडल काढल्या, साडी थोडी वर खोचली आणि ट्रेमध्ये चढली. डावा पाय पुढे, उजवा मागे, दोन्ही रेघांच्या आत. तिची पावलं त्यात लहान दिसत होती.

"हात कुठे धरतात?" तिने विचारलं.

अंकलनी एक बांबू तिच्यासमोर धरला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि उभी राहिली. शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत ती हलली नाही. मग खाली उतरली.

"पुसा ते. हिचे काढा."

"पेन्सिल पुसून जात नाही त्यावर. घासावी लागते," अंकल म्हणाले.

"द्या इकडे."

अंकलनी तिला पॉलिश पेपर दिला आणि नाकावर बांधायला फडका. ती गुडघ्यांवर बसली आणि घासू लागली. आधी डावा, मग उजवा. घाई नाही, अधेमधे थांबणं नाही, सणाला तांब्याची भांडी घासते तशी. मी तिथे उभी राहून ढसाढसा रडले. तिचं काम झाल्यावर अंकलनी मला ट्रेमध्ये चढवलं. पेन्सिल तळव्याच्या कडेने फिरली तेव्हा मला गुदगुल्या झाल्या आणि रडता रडता हसू आलं.

"रंग कुठला द्यायचा?" अंकलनी वहिनीला विचारलं.

"तिला विचारा," वहिनी म्हणाली.

परतीच्या बोटीत तिने माझं मनगट पुन्हा धरलं. पण या वेळी ती बाहेर बघत होती. बोरिवलीच्या धक्क्याजवळ तिने विचारलं, "रविवारी तिकडे किती वाजता निघता तुम्ही?" आमच्या घरात या 'तुम्ही'त अजूनही दोघं असतात, दादा आणि मी. सहाला, मी म्हटलं.

आता हिशोब मांडायचा तर, जी बॉडी मी घेतली ती कुठल्याही जाणकाराने मला सुचवली नसती. माझ्या वजनाला ती मोठी आहे, आणि दादाच्या इंजिनाच्या जोरावरही तिची उलटी कोलांटी माझ्याकडून बहुधा कधीच होणार नाही. तुम्ही घेणार असाल तर महेशच्या भिंतीवरच्यासारखी बघा, फक्त नाणं वाजवून. पण ज्यात उभं राहायचं त्यात आधी अनवाणी उभं राहा. फूटहोल्ड लावायला अंकलनी तीन आठवडे मागितलेत, मग टेम्पो ती घेऊन भाईंदरवरून चारकोपला, इंजिनापाशी जाईल. फायबरची धूळ दिवसभर खाजते, गार पाण्यानेच धुवा. गाडीत वहिनी सारखी हात चोळत होती.

भांडुपला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने दार उघडलं. महेशने तिला दुपारीच फोन करून सगळं सांगितलं होतं, तरी ती दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत दारातच उभी राहिली.

"बॉडी गावली काय गो?" तिने मला विचारलं, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून पदर तोंडाला लावला.

माझ्याआधी वहिनी बोलली.

"गावली, आई. नीलूच्या मापाची."