उंबऱ्यावरचा वाईनचा पेला

सन २०२३. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण भाताचं बियाणं मी जन्मात विकत आणलं नाही. आमचं शेत भिवपुरीच्या अंगाला. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की मी वाफ्यातून फिरतो. एखादं रोप वेगळं दिसलं, उंच किंवा लाल कुसाचं, की उपटून बांधावर फेकतो. भेसळ मला खपत नाही. भातात नाही, माणसाच्या बोलण्यातही नाही.

आमच्या घरची एक रीत आहे. नवा तांदूळ असो, नव्या गाईचं दूध असो, घरातल्या थोरल्यानं उंबऱ्यावर बसून ते आधी तोंडाला लावायचं आणि वाटी तिथंच पालथी घालायची. वाटी पालथी पडली म्हणजे थोरल्याचा होकार. तोवर बाकीच्यांनी हात लावायचा नाही. माझ्या बापानं हे केलं, त्याच्यामागे मी.

त्या आश्विनात नात बाटली घेऊन आली. दिंडोरीकडच्या एका वाईनरीत ती शिकाऊ होती. आता त्यांनी कायम करतो म्हणून कळवलेलं, आणि तिला दुसऱ्या दिवशी हो का नाही ते सांगायचं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, साजगावला कारखान्यात आहे. तो म्हणाला, "बाबा हो म्हणतील तर जा." स्वतःच्या अंगावर काही घेणं त्याला कधी जमलंच नाही.

मी तर आधीच नाही म्हणून बसलो होतो. कर्जतच्या बाजारात मला चार माणसं ओळखतात. नात काय करते विचारलं तर काय सांगू? दारू गाळते?

ऊन उतरल्यावर तिनं काचेच्या पेल्यात ती वाईन ओतली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली. पांढरी म्हणतात, पण रंग पेंढा भिजवलेल्या पाण्यासारखा.

"आजा, हे नवं हाय. माझ्या हातनं मिसळलेलं पयलं. तुमी घ्या, मग आमी."

माझीच रीत माझ्या गळ्यात घातली कार्टीनं.

"मिसळलेलं म्हंजे?"

"चार जातींची द्राक्षं. एक वासाला, एक आंबटपणाला..."

"भेसळ म्हण की."

"भेसळ नाय. फ्रान्समधी अल्सास म्हणून मुलूख हाय, जर्मनीला लागून. तिथले शेतकरी लय आधीपास्नं अशी मिसळतात. त्यांच्या पश्चिमेला डोंगर हाय, तो पाऊस अडवतो. म्हणून द्राक्ष होतं."

"आमच्याबी उशाला डोंगर हाय. तो सगळा पाऊस आमच्या डोक्यावर ओततो नि पलीकडं नाशिकवाले कोरड्यात बसून द्राक्षं पिकवतात. त्यात तुझं काय गं?"

मुलगा मधेच म्हणाला, "बाबा, एक घोट घ्या ना."

"तू गप रं. तुला तहान आसंल तर नाक्यावर गुत्ता हाय."

सून भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, तुमच्या भाकरीत जुना तांदूळ, नवा तांदूळ नि मूठभर उडीद जातात. नुसत्या नव्याची चिकट होते. लगीन होऊन आले तवापास्नं घालते. तिला कधी भेसळ म्हणाला नाय ते."

मुलगा हसला, नात हसली. माझ्या घरात, माझ्या उंबऱ्यावर.

"भाकर पोटात जाते," मी म्हणालो, "हे डोक्यात जातं." आणि उठलो.

"मग पेला तितंच ऱ्हाईल," नात म्हणाली. "तुमी घेतल्याबिगर उचलायचा नाय." तिनं वर बशी झाकली.

"ऱ्हाऊ दे. मुंग्या पितील."

सगळे तो पेला ओलांडून आत-बाहेर करत राहिले. मी ताटातली भाकरी बाजूला सारली आणि नुसता भात खाल्ला. सुनेनं वाढायला विचारलंही नाही.

जेवणं झाल्यावर नातीनं आपली भरलेली पिशवी सोडली. कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं, भांडणात मी कुणाला हार गेलेलो नाही. पण माझ्या रक्ताचं माणूस माझ्या एका नाहीवर असं निमूट बसतं, हे काही मला पटलं नाही. माझ्या बापानं मला शेत विक म्हणून वर्षभर छळलं होतं. मी बधलो नव्हतो. ही कुणावर गेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी, सून चुलीशी यायच्या आधी, मी उंबऱ्यावर बसलो. बशी काढली. आंब्याच्या मोहोरासारखा वास आला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. एक घोट घेतला. कोमट, आंबट. चांगली होती असं मी आजही म्हणणार नाही. उरलेली अंगणात ओतली आणि पेला उंबऱ्यावर पालथा घातला. नात पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे न बघता मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि भातातली भेसळ उपटायला शेतावर गेलो.