नांदेडच्या दवाखान्याचा शिक्का

दारात आल्यावर ती आधी पेटी सावलीत ठेवायची, मग स्वतः उन्हात उभी राहायची. लसीची ती निळी पेटी. पाणी विचारलं तर म्हणायची, "पानी मागून. आधी कार्ड आना बरं."

आमच्या नायगाव तालुक्यातल्या लहानशा गावात ती बरीच वर्षं नर्स होती. तुमच्याही गावात अशी एखादी सिस्टर असेल. तिचं नाव कुणी घेत नाही, पण गावातल्या प्रत्येक लेकराचं वय तिला तोंडपाठ असतं. शेतात कापूस वेचणाऱ्या आईला बांधावरून हाक मारून ती सांगायची, "बुधवारी ये गं, तुझ्या लेकीला नऊ महिने झाले."

मी तिथल्या शाळेत मास्तर. माझ्या मुलीला दीड महिन्याची सुई दिली तेव्हा मांडी सुजली, रात्रभर ताप होता. सिस्टरने आधीच सांगितलं होतं की असं होतं आणि उतरतं. तसा तो उतरलाही. पण माझ्या डोक्यातून गेला नाही. नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीची वेळ आली, तेव्हा पारावर चार माणसांत मी बोलून गेलो, की या सरकारी सुयांचं काही खरं नाही, मी तर देणार नाही. शेजारचा दत्ता तिथंच होता. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची.

त्याच आठवड्यात बायकोने हट्ट धरला, म्हणून मी मुलीला नांदेडला नेलं आणि खासगी दवाखान्यात गुपचूप तीच लस देऊन आणली. पारावर मात्र काही बोललो नाही. बोललेलं परत घ्यायची लाज वाटली. एवढंच कारण.

त्या बुधवारी सिस्टरला तीन-चार घरांनी परत पाठवलं. दत्ताने सांगितलं, "गुरुजी देऊन नाही राहिले, मग आम्ही कशाला?"

दोन-तीन महिन्यांनी गावात गोवर आला. दत्ताची मुलगी नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस होती. वाचली, पण कान फुटले. डाव्या कानानं तिला अजून ऐकू येत नाही.

सिस्टर पुन्हा घरोघर कार्डं तपासत आली. बायकोने कार्ड तिच्या हातात दिलं. तिने नांदेडचा शिक्का पाहिला, तारीख पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बरं केलं, गुरुजी. लेकरू सुरक्षित हाय," ती म्हणाली. तारीख वहीत उतरवून घेतली आणि विचारलं, "आता माझ्यासंगं चार घरी येता का? तुमचं ऐकतात लोक."

मी गेलो. दारं उघडली, लेकरांना सुया दिल्या. गुरुजी किती धडपडतात, असं लोक म्हणाले. मी तेही ऐकून घेतलं. ती शेजारीच वहीत लेकरांची नावं उतरवत होती.

पुढे ती निवृत्त होऊन इस्लापूरला आपल्या गावी गेली. मागच्या वर्षी वारल्याची बातमी आली. तिचे आभार मी कधी मानलेच नव्हते. त्या संध्याकाळी मी दत्ताकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

तो बैलाला वैरण टाकत होता. हात न थांबवता म्हणाला, "ठाऊक हाय मला. दवाखान्यात तुमच्या मंडळीनं रडत सांगितलं होतं. तुमच्या घरावर भांडायला निघालो होतो मी. सिस्टरनं वाटेत अडवलं. म्हनली, भांडण मागून कर दादा, आधी लेकीच्या राहिलेल्या सुया पुऱ्या करू."

मी त्याच्या ओट्यावर बसलो. आतून त्याची मुलगी आली, ऐकू येणारा कान माझ्याकडे करून नमस्कार म्हणाली आणि पाणी ठेवून गेली.

"बुधवारी नवी सिस्टर येनार हाय म्हने," दत्ता म्हणाला. "पोरीची पाच वर्षांची सुई राहिलीय. देऊ ना, गुरुजी?"

अजूनही तो मलाच विचारत होता.

"दे," मी म्हणालो. "मीही माझ्या पोरीला घेऊन येतो. सगळ्यांसमोर."

त्याच्याकडे बघून मात्र मला ते म्हणता आलं नाही.