आठवीतलं यंत्र

"तुम्हाला तसंही घरी काय काम असतं, मॅडम?" असं म्हणून मुख्याध्यापकांनी ते प्रशिक्षण माझ्या गळ्यात मारलं. मुलांना एआय शिकवायचं, वरून पत्र आलंय, रविवारी दिवसभर नाशिकला जायचं. स्टाफरूममध्ये बाकी सगळ्यांकडे सबबी तयार होत्या. कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या सासूचे गुडघे. माझ्याकडे सबबीपुरतंही माणूस नाही. नवरा जाऊन चार वर्षं झाली, लेक नोकरीला बंगळुरात, आणि नाशिकरोडच्या दोन खोल्यांत मी एकटी. एकट्या बाईचा वेळ म्हणजे गावचा पार, कुणीही यावं आणि बसावं. मतदार याद्या? मॅडम आहेत. सहलीची तयारी? मॅडम आहेत. मी एरवी तोंडाची फटकळ, पण ते वाक्य खरं होतं, म्हणून मुकाट नाव लिहून दिलं.

गेले, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. दुपारी पुरीभाजी होती, शेजारी जेवायला येवल्याची एक बाई बसली होती, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकता ऐकता रविवार सरला. रविवार सरणं ही काय चीज आहे ते एकट्या माणसाला विचारा.

शिकवणारा पोरगा माझ्या लेकीच्या वयाचा. तो म्हणाला, मुलांना आधी एवढंच कळू द्या की एआयला प्रत्येक गोष्टीचा नियम कुणी सांगत बसत नाही. त्याला ढीगभर उदाहरणं दाखवतात, याला हो, त्याला नाही, आणि त्यातून ते आपलं आपण ताडतं. त्यासाठी त्याने एक खेळ दिला. एका मुलाला यंत्र करायचं आणि वर्गाबाहेर पाठवायचं. आत वर्गाने एक प्रश्न ठरवायचा. यंत्राला प्रश्न सांगायचाच नाही. ते आत आलं की नुसती उदाहरणं द्यायची, हो आणि नाही. मग नवीन नाव सांगायचं आणि विचारायचं, सांग, याचं काय? ना वीज लागते, ना कॉम्प्युटर. आमच्या शाळेला अगदी सोयीचं.

शाळा निफाडच्या पुढे, द्राक्षबागांच्या गावात. मी आठवीला हा खेळ घेतला तेव्हा पोरांनी पहिला प्रश्न ठरवला, कुठला घड एक्स्पोर्टला जातो आणि कुठला लोकलला. यंत्र झाली होती वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी, वेण्या वर बांधलेल्या, बोलणं चुरुचुरु. चार घडांची वर्णनं ऐकली आणि पाचव्याला बरोबर उत्तर. "लय सोप्पं होतं, मॅडम! अवघड काहीतरी द्या ना!" अवघड उद्या देऊ, म्हटलं.

त्या आठवड्यात शाळेत हळदीकुंकवाची तयारी चालू होती. संक्रांत झाली की दरवर्षी आम्ही मुलांच्या आयांना बोलावतो, तिळगूळ, वाण, मसाला दूध. त्याबद्दल सांगायलाच हवं. चार वर्षांत मला कुणी 'येऊ नका' म्हणालेलं नाही. आमच्याकडे असं तोंडावर कुणी म्हणत नाही हो. पहिल्या वर्षी फक्त कुणीतरी हळूच म्हणालं, "मॅडम, आज ऑफिसात बसाल ना जरा? फोन वाजतो." मी बसले, आणि मग बाथरूमची कडी लावून रडले. दुसऱ्या वर्षापासून मीच आधी म्हणायला लागले, "ऑफिस मी बघते." आपला मान आपण राखलेला बरा. पण हॉलमधून हसण्याचे आवाज यायचे, अत्तराचा वास यायचा आणि माझं डोकं फिरायचं. कुंकवाचं मला कौतुक नाही, देवाधर्माचं त्याहून नाही. मला फक्त कुणीतरी 'चल गं' म्हणायला हवं होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत मराठीची बाई बसते, बारा वर्षं आमचा डबा एकत्र. निदान ती तरी यंदा म्हणेल का, हे मनात घोळत होतं. तोंडाने मागणार नव्हते. जीव गेला तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तीच पोरगी पुन्हा यंत्र झाली. ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली आणि आत पोरांनी प्रश्न ठरवला. निमंत्रणाच्या चिठ्ठ्या घरोघर त्यांनीच वाटल्या होत्या, त्यामुळे डोक्यात तेच. "शाळेच्या हळदीकुंकवाला कोण येतं?" मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. मला वाटलं, आया येतात आणि बाप येत नाहीत एवढंच निघेल आणि हसतील. बौद्धवस्तीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझ्या आईला बोलावतात, पण आमच्यात ते करतच नाहीत, ती स्वतःच येत नाही." म्हटलं, मग तिला धरू नका, खेळात गोंधळ होईल. या खेळातले नियम मला किती छान समजले होते बघा.

पोरगी आत आली. वर्ग उदाहरणं द्यायला लागला. सरपंचबाई? हो. किराणा दुकानवाल्या काकू? हो. मराठीच्या मॅडम? हो. खिचडी शिजवणाऱ्या मावशी? नाही. अंगणवाडीच्या ताई? हो. तिथल्या मदतनीस? नाही. पोस्टातल्या काकू? हो. कुणाची तरी आजी? नाही. मी खडू हातात धरून उभी होते आणि चौथ्यापाचव्या नावालाच मला कळलं हे कुठे चाललंय. थांबवायला हवं होतं, पण काय सांगून थांबवणार? पोरगी डोळे बारीक करून एकेक नाव मनात लावत होती. मग मागच्या बाकावरून एक टारगट ओरडला, "मॅडम! आपल्या मॅडम!"

तिने माझ्याकडे पाहिलं. आधी गळ्याकडे, मग कपाळाकडे. क्षणभरच. आणि टाळी वाजवून म्हणाली, "नाही!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. प्रश्न त्यांना माहीत होता, तिला नव्हता. तिला वाटलं आपण चुकलो. "बरोबर ना, मॅडम? बरोबरच आहे ना?"

काय सांगणार होते मी? "बरोबर," म्हटलं. आणि सवयीने पुढचा प्रश्नही विचारला, प्रशिक्षणात तसं सांगितलं होतं, "कशावरून ओळखलंस?"

"हो वाल्यांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं, मॅडम. नाही वाल्यांच्या नसतं."

तिला प्रश्न सांगितला तेव्हा तिचा चेहरा असा उतरला की मलाच तिची कीव आली. मागचा टारगट आता अगदी हळू बोलला, "पण असं कुणी सांगितलंच नव्हतं, मॅडम. आम्ही फक्त कोण येतं तेवढं सांगितलं."

"एआयचंही तसंच होतं," मी म्हटलं. "कुणी सांगत नाही. आपण जे करत आलो ते बघून ते शिकतं."

"मग ते सुधरवायचं कसं?"

"नवी उदाहरणं द्यायची. भरपूर. एका उदाहरणाने काही होत नाही." घंटा झाली म्हणून सुटले. माझ्या अख्ख्या नोकरीत इतका चांगला तास मी घेतला नसेल, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

पोरांच्या पोटात काही राहतं होय? संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तो एआयचा तास जरा अभ्यासक्रमापुरताच घ्या." मराठीची बाई डबा उघडून बसली, भाजी पुढे सरकवली, पण माझ्याकडे बघेना. मला वाटलं होतं, आता तरी बोलेल.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी नेहमीसारखी ऑफिसात बसले. साडी मात्र चांगली नेसले होते, लपवत नाही. हॉल भरला, आवाज वाढला, आणि मराठीची बाई दारात आली. हातात तबक. "चल ना," म्हणाली. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते दोन शब्द. मी उठणार, तोवर तिनेच पुढे जोडलं, "अगं, पोरं सारखी विचारतायत, मॅडम का नाहीत म्हणून. बरं दिसत नाही."

"म्हणजे पोरांसाठी का?" मी फाडकन बोलले.

तिचे डोळे भरले. "तसं नाही गं. मला कधीचं विचारायचं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून..." आता यावर काय बोलावं! मला वाईट वाटेल म्हणून चार वर्षं मला बोलावलं नाही. मी म्हटलं, मग खिचडीच्या मावशींनाही बोलव. बोलावलं. मावशी दूध आटवत होत्या, त्यांनी दोन्ही हात झटकले. "नको बाई, मला नाय चालत." मला त्यांचा असा संताप आला! चालत नाही म्हणजे काय? कुणी धरलंय तुम्हाला? त्या पदराने कढईचे कान धरून नुसत्या हसल्या.

हॉलमध्ये मला बाकाच्या टोकाला जागा झाली. मराठीची बाई माझ्यासमोर वाकली, बोट कुंकवात बुडवलं, आणि थांबली. "लावू?"

सगळ्या बायकांना लावत ती ओळीने आली होती. कुणालाही तिने विचारलं नव्हतं. "लाव," मी म्हटलं. मला वाण मिळालं, स्टीलची वाटी. तिळगूळ मिळाला. बायका माझ्याकडे बघून हसल्या, फार गोड हसल्या, आणि मग आपापल्या गप्पांकडे वळल्या, कुणाची बाग तोडणीला आली, कुणाच्या मुलीला स्थळ आलं. मी दुधाचा ग्लास धरून बसले. समोरच्या दारात माझी ती पोरगी उभी होती, मला बघून तिचा चेहरा इतका फुलला की तिच्यासाठी मीही हसले. ऑफिसात होते तेव्हा निदान वाट तरी बघत होते. इथे त्या गर्दीत बसून वाट बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परतीच्या एसटीत शेजारी एक अनोळखी बाई बसली. हातातली वाटी बघून म्हणाली, "हळदीकुंकवाला गेला होता वाटतं?" हो म्हटलं. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि अगदी सहज, जसं आपण सगळ्या जणी एकमेकींना विचारतो तसं, विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"बँकेत आहेत," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं आणि मग थांबवेना. जेवायचं फार नाटक आहे हो त्यांचं, वांगं ताटात चालत नाही. पेपर सगळ्यात आधी त्यांना लागतो. मी उशिरा पोचले की चहा स्वतः टाकतात, पण साखर विसरतात. बाई हसत होती, तिच्या नवऱ्याचं सांगत होती, सगळे पुरुष मेले सारखेच, म्हणत होती. चार वर्षांत माझ्या नवऱ्याबद्दल मी इतकं बोलले नव्हते. जिथे तिथे लोक विषय बदलतात ना. नाशिकरोड आलं तेव्हा मला उतरायचंच नव्हतं. बाई म्हणाली, "जा बाई, वाट बघत असतील."

घरी आले, दिवा लावला, पर्स ठेवली, तोच लेकीचा व्हिडिओ कॉल. रोज याच सुमाराला करते. आई, टिकली लावत जा ना, जग कुठे चाललंय, असं तिने मला शंभरदा सांगितलेलं. हे कपाळ बघून ती नाचली असती. आणि मी फोन उचलायच्या आधी पदर ओला करून ते कुंकू पुसून टाकलं. खसाखसा पुसलं. काय सांगणार होते तिला, कसं लागलं म्हणून? की एका पोरीचं उत्तर बरोबर आलं, म्हणून?

"आई, कपाळ लाल का दिसतंय? पडलीस की काय?"

"छे गं, खाज आली जरा."

"आज काय विशेष?"

"काही नाही. शाळा."

ती तिच्या ऑफिसचं सांगत राहिली आणि मी हं हं करत राहिले. फोन ठेवला आणि मग मात्र मला रडू आवरेना. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, आणि कुणाशी खोटं बोलायची गरज नव्हती.