डॅम्प सीलिंगची दुर्मीळ कॅसेट

विलेपार्ल्यात माझी कशी शोभा झाली ते आता मीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्यातला राणे सांगेल, आणि तो तिखटमीठ लावून सांगतो.

आमचा एक कंपू आहे. नव्वदच्या दशकातल्या ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या कॅसेट्स जिवापाड जपणारे चार-पाच पन्नाशीतले येडे, रविवारी पार्ल्याला शुभदाच्या घरी जमतो. ज्याच्याकडचा अल्बम कुणीच ऐकलेला नाही, तो इथे मोठा माणूस! गाणी चांगली असण्याची सक्ती नाही. पण अल्बम जरा कुठे खपलेला निघाला, तर आणणाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही.

या कंपूतला सगळ्यात आगाऊ माणूस मी, मुलुंडचा. कारण माझ्याकडे ‘डॅम्प सीलिंग’ या बँडची कॅसेट होती. ऐकलंय नाव? नाही ना? तेच तर! नेटवर शोधा, सापडणार नाही. कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडे मिळाली, काकांच्या जुन्या टेपवर लावली आणि मी कामातून गेलो. काय तो संथ सूर! काय तो खर्जातला, खचलेला पुरुषी आवाज! शब्द एक कळत नव्हता, म्हणजे अर्थ किती खोल असेल बघा.

वर्षानुवर्षं मी त्या गायकाचं दुःख लोकांना समजावत आलो. दुसऱ्याने काही लावलं की माझं ठरलेलं, ‘बरंय, पण यात वेदना नाही रे.’ शेवटी शुभदा वैतागली.

‘एकदा आण ना ती तुझी वेदना! आम्हालाही होऊ दे.’

नेली. आधी गायकाच्या एकाकीपणावर छोटंसं भाषण ठोकलं. शुभदाने कॅसेट तिच्या डेकमध्ये घातली, बटण दाबलं.

आणि एक पोरगी टुणटुणीत आवाजात गायला लागली!

पोरगी! मागे टाळ्या, शिट्ट्या, सगळा आनंदीआनंद. राणे मूळ मालवणचा, त्याचे पाय आपोआप हलायला लागले.

‘मेल्या, ह्यां तुझां दुःख? हेच्यार तर नाचूक येता!’

‘शुभदा, तुझा डेक फास्ट चालतोय,’ मी म्हटलं.

‘माझा? आत्ताच तर सर्व्हिस करून आणलाय!’

तेव्हाच गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण इतक्या वर्षांची इज्जत पणाला लागली होती ना! म्हटलं, पुढच्या रविवारी माझा टेप आणतो, मग कळेल खरं काय ते.

ते धूड मांडीवर घेऊन मुलुंड ते पार्ले रिक्षाने गेलो. कॅसेट लावली. आला! तोच खर्ज, तेच दुःख!

‘बघा! हा ओरिजिनल!’ मी ओरडलोच.

शुभदा उठली. आत गेली, आईची गणपतीच्या आरत्यांची कॅसेट घेऊन आली आणि ती माझ्या टेपमध्ये घातली.

अहो, आरती अशी सुरू झाली की बाप्पा आलेत की कुणीतरी गेलंय, तेच कळेना. एक टाळी वाजली की दुसरीपर्यंत अर्धा चहा पिऊन व्हायचा. मंडळी माना खाली घालून शोकसभेला आल्यासारखी बसली.

‘गणपतीक पण वेदना झाली रे,’ राणे म्हणाला.

शुभदाने टेपचं मागचं झाकण उघडलं. मोटरवरचा रबरी बेल्ट जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता.

‘हा काकांच्या वेळेपासूनच सैल असणार. सगळंच हळू वाजत होतं रे! तुला कधी शंका नाही आली?’

‘अगं, मी यावर फक्त रॉक ऐकायचो. मला वाटलं, ते दशकच उदास होतं!’

यावर जे हसले ना सगळे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर शिक्षा म्हणून तिच्या डेकवर अख्खा अल्बम परत ऐकायला लावला. योग्य वेगात, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

‘मग? खरा डॅम्प सीलिंग कसा वाटला?’ शुभदाने विचारलं.

‘खरं सांगू? बकवास आहे.’

तिने कपाळाला हात लावला. ‘जाऊ दे. निदान तुझ्या टेपला नवा बेल्ट तरी टाकून देते.’

मी टेप छातीशी धरला. ‘हात लावू नकोस! त्या अख्ख्या बँडमध्ये मला आवडणारा तो एकटाच आहे.’