मलमलची कॉलर

आईच्या मानेवर डाव्या बाजूला, कानाच्या पाळीपासून गळ्याच्या हाडापर्यंत, ऑपरेशनची रेघ आहे. तिचं आईला फारसं काही वाटत नव्हतं. रेघेच्या आजूबाजूची कातडी सिकाईने काळपट लाल झाली होती, सोलवटत होती. ती मात्र तिला कोणाला दिसू द्यायची नव्हती. रेडिएशनला आमच्याकडे इंदूरमध्ये सगळे सिकाईच म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तवा आला होता.

सिकाई मार्चच्या शेवटी संपली. चौदा एप्रिलला सकाळी महूमधल्या फौजी आजोबांच्या जुन्या मोहल्ल्यातल्या विहारात बायकांची वंदना आई घेते. माझ्या जन्माच्या आधीपासून घेते. पांढरी साडी, पांढरा ब्लाउज आणि तिच्यामागे बसलेल्या पन्नासेक बायका. या वर्षी राहू दे, असं मामा म्हणाला. मीही म्हणाले.

"गेले नाही तर विचारतील," आई म्हणाली. "गेले आणि मान दिसली तरी विचारतील. मला एक कॉलरचा ब्लाउज शिवून आण."

"डॉक्टरांनी गळ्याला काही घासू द्यायचं नाही म्हटलंय."

"मग मऊ कपडा बघ ना. एवढी शिकलीयस."

बाहेर आम्ही थायरॉइडचं छोटं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. त्याचं कारण मी होते. माझं लग्न व्हायचं होतं, आणि आईला असं झालंय हे कळलं की लोक मुलीकडे वेगळ्या नजरेने बघतात, अशी तिची खात्री होती. कोणाला बोलायचं नाही, हे तिने मला एकदाच बजावलं. मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. माझी शाळा इंग्रजी, घर मराठी आणि बाजार हिंदी. तिन्ही ठिकाणी मी गप्पच जास्त असते.

राजवाड्यामागच्या गल्लीत मी सलग दोन दुपारी फिरले. ब्लाउजपीस मागितलं की दुकानदार आधी रुबियाचा गठ्ठा उघडतात. रुबिया हाताला गुळगुळीत लागतं, पण मनगटाच्या आतल्या बाजूला घासलं की बारीक खरखर कळते. कॅम्ब्रिक त्याहून जाड. एका दुकानात रेशमासारखं काहीतरी दाखवलं. ते मऊ होतं, पण त्याने घाम शोषला नसता. मनगट पुरेना म्हणून मी कपडा कानाखाली लावून बघायला लागले, आणि शेवटी डोळे मिटून पापणीवर.

"दीदी, कपड़ा लेना है कि इसपे सोना है?" दुकानदार म्हणाला. शेजारच्या बाई हसल्या.

मी कपडा खाली ठेवला.

"अरे बुरा मत मानो. बेबी के लिए चाहिए क्या? झबला?"

मी हो म्हणाले. तसं म्हणणं सोपं होतं. त्याने वरच्या फळीवरून पांढऱ्या मलमलचं थान काढलं. "इससे नरम अपने पास नहीं है. पर नया है, कलफ है इसमें. दो बार धोना, फिर देखना."

मी अडीच मीटर घेतलं. मलमल आरपार दिसतं, त्यामुळे अस्तरही त्याचंच लावावं लागणार होतं. घरी येऊन कोमट पाण्यात दोनदा धुतलं, सावलीत वाळवलं. खळ निघून गेल्यावर ते हातात घेतलं तरी जाणवेना. आईने ते गालाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. बऱ्याच दिवसांनी मला आपण काहीतरी नीट केलं असं वाटलं.

गळ्याचं माप मेजरिंग टेपने घेता येईना. टेपची कड लागली की आई श्वास आत घ्यायची. मग मी लोकरीचा एक धागा तिच्या गळ्याभोवती सोडला, दोन बोटं जागा ठेवली आणि गाठ मारली. जुना ब्लाउज, धुतलेलं मलमल आणि तो धागा घेऊन मास्टरजींकडे गेले.

मास्टरजी पूर्वी महूत फौजी लोकांचे युनिफॉर्म शिवायचे. आता आमच्या कॉलनीत त्यांचं एका शटरचं दुकान आहे. कॉलर म्हणजे त्यांचा अभिमानाचा विषय. त्यांनी मलमल चिमटीत धरून हलवलं.

"बिटिया, ये तो बहुत मरियल कपड़ा ले आई. इसकी कॉलर खड़ी कैसे रहेगी?"

"मम्मी को यही चाहिए."

"चौदा अप्रैल का है ना? सब के सामने बैठेंगी वो. कॉलर बैठ गई तो कॉलर किस बात की?"

तेव्हा मला सांगायला हवं होतं की बसली तर बसू दे, आत काही घालू नका. पण का, असं त्यांनी विचारलं असतं. मी म्हणाले, "आप देख लीजिएगा." कुठूनही लवकर निघायचं असलं की मी हेच वाक्य म्हणते.

तेरा तारखेला संध्याकाळी ब्लाउज घ्यायला गेले. दुकान पांढऱ्या कपड्यांनी भरलेलं होतं आणि बाकावर चार बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एक आईच्या ओळखीच्या. मास्टरजींनी ब्लाउज माझ्यासमोर धरला आणि कॉलरवर नखाने टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

"देखो. एकदम फौजी. अंदर डबल बकरम डाला है, दस साल नहीं बैठेगी."

मी कॉलर चिमटीत धरली. वरून मलमल, आत पुठ्ठ्यासारखं कडक. वरची कड तर नखासारखी लागत होती. शिवण उसवून ते बकरम काढायला त्यांना दहा मिनिटं लागली असती. बाकावरच्या बाई विचारत होत्या, "मम्मी की तबीयत ठीक है अब?"

"हाँ आंटी, एकदम," मी म्हणाले. मग मास्टरजींना म्हणाले, "बहुत अच्छी बनी है."

घरी आईने ब्लाउज मांडीवर घेऊन कॉलरवरून बोट फिरवलं.

"जरा कडक आहे का गं?"

"इस्त्रीमुळे," मी म्हणाले. "घातल्यावर नरम पडेल."

कात्री टेबलाच्या खणात होती. ती हातात घेतली असती तर आईला सगळं सांगावं लागलं असतं: मास्टरजींनी विचारलं होतं, आणि मी गप्प बसले. मी ब्लाउज हँगरला अडकवला.

दुसऱ्या दिवशी मामाच्या गाडीतून आम्ही महूला गेलो. विहार लहान आहे, वर दोन पंखे. आई पुढे बसली, हात जोडले. मी तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून होते. माझी नजर तिच्या कॉलरवरच होती. पहिल्या नमस्काराला तिने मान खाली घातली आणि अर्ध्यातच थांबली. मग कंबरेतून वाकली, मान सरळ ठेवून. पंचशीलाच्या तिसऱ्या ओळीला तिचा आवाज तुटला. पुढचा शब्द मला येत होता. लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकलेला. पण माझे ओठ नुसते हलले. मागून एका म्हाताऱ्या मावशींनी शब्द उचलला, मग सगळ्यांनी, आणि आईने परत सूर धरला. शेवटपर्यंत धरला.

बाहेर खिरीच्या रांगेत त्याच मावशी आईला म्हणाल्या, "केवढी ताठ बसली होतीस गं! फौजीची पोरगी शोभतेस. या आमच्या बघ, सगळ्या पोत्यासारख्या बसतात."

"तू पण त्यांच्यातच होतीस, आक्का," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. आईही हसली, हनुवटी वर ठेवून. "नवीन फॅशन का गं ही कॉलर?" एकीने विचारलं. "पोरीची पसंती," आई म्हणाली.

परत येताना ती गाडीच्या छताकडे बघत बसली होती. वाटेतलं राऊ गाव आलं तेव्हा मामाने विचारलं, "ताई, एसी वाढवू?" तिने नुसता हात हलवला.

घरी कॉलरचं वरचं हुक काढलं तरी कॉलर सुटेना. ती चिकटली होती. मी पाणी उकळून गार केलं आणि कापसाने थेंब थेंब सोडत राहिले. आईने टेबलाची कड पकडली होती. कॉलर निघाली तेव्हा तिच्याबरोबर कातडीही आली. पांढऱ्या मलमलवर आतून पिवळट गुलाबी पट्टा उमटला होता, बरोबर कॉलरच्या रुंदीचा.

"इस्त्रीमुळे नव्हतं ना?" आईने विचारलं.

"नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ड्रेसिंग करताना सिस्टर ओरडली, "कॉलर किसने पहनने दी इनको?" आई म्हणाली, "मेरी ही ज़िद थी." जखमेत पू झाला. पाच आठवडे रोज ड्रेसिंग चाललं. त्या पाच आठवड्यांत रात्री ती कुशीवर झोपू शकली नाही.

मे महिन्यात एकदा मास्टरजींच्या दुकानावरून जाताना त्यांनी आतून हाक मारली. "बिटिया! मम्मी की कॉलर कैसी रही? सबने पूछा होगा किसने सी."

दुकानात दोन बायका होत्या. मी पायरीवर उभी राहिले. मला वाटतं मी ते ठरवून बोलले नाही. "मास्टरजी, मम्मी को कैंसर है. गले की सिकाई हुई थी. बकरम से सब छिल गया."

मशीन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "पहले बोलती ना," ते म्हणाले, अगदी हळू. "एक बार बोल देती." मग म्हणाले, "ले आ. निकाल देता हूँ."

मी ब्लाउज नेऊन दिला. डाग गेला नव्हता, म्हणून त्यांनी उरलेल्या मलमलची नवी कॉलर लावली, आत काहीही न घालता. पैसे घेतले नाहीत. कॉलर ओल्या पानासारखी पडून राहिली.

तोपर्यंत कॉलनीत सगळ्यांना कळलं होतं. फोन यायला लागले होते. महूच्या मावशींचाही येऊन गेला. एका घरून माझ्यासाठी बोलणं चाललं होतं, तिकडून मात्र फोन येणं बंद झालं. आईने हे सगळं ऐकलं.

मी ब्लाउज तिच्यापुढे ठेवला. तिने कॉलर दोन बोटांत चुरगळली, गालाला लावली.

"आता नरम झाली," ती म्हणाली. "पण आता सगळ्यांना माहीतच आहे. कॉलर कोणासाठी घालू?"

तिने तो घडी करून माझ्याकडे परत दिला. तो माझ्या कपाटात आहे. आई घरात मान उघडीच ठेवते. कॉलरच्या कडेची काळी रेघ तिथे राहिली आहे, ऑपरेशनच्या रेघेला आडवी.