भिंतीपलीकडचा सिनेमा

थिएटरच्या तिकीटखिडकीत बसून तिचं उभं आयुष्य गेलं, पण एकही सिनेमा तिने धड पाहिला नाही. आत शो सुरू झाला की बाहेर पुढच्या शोची रांग लागायची. तिच्या पाठीमागची भिंत आणि पडद्याशेजारची भिंत एकच, त्यामुळे सिनेमे तिने ऐकले तेवढे. संवाद पाठ, गाणी पाठ, चेहरे मात्र पोस्टरवरचे. गल्लीत तिला सगळे तिकीटबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं.

एक सिनेमा तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. त्यात शेवटाकडे बोलणं थांबायचं, संगीत थांबायचं, भिंतीपलीकडे काहीच ऐकू यायचं नाही. आणि मग एकदम सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणायचं. रोज, प्रत्येक शोला. तिने दारावरच्या माणसाला विचारलं होतं, "नेमकं काय होतं हो तिथे?"

"ते सांगून नाही कळायचं, बाई. बघावं लागतं."

पण खिडकीवर बदली माणूस काही मिळाला नाही. सिनेमा उतरला, पुढे थिएटरही बंद पडलं.

आणि आता, ती घरी बसल्यावर, सुनेला एका बंद होणाऱ्या दुकानातल्या टोपलीत त्याच सिनेमाची डिस्क सापडली. टीव्हीजवळ डिस्क लावायची सोय नव्हती. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला होती. तिकीटबाईने चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि बसली.

नावं झाली, नायिका दारात आली, आणि माशी शिंकली. चित्र अडकलं. मग एकदम पुढे धावलं, पुन्हा अडकलं. आवाज तर असा तुटत होता, की नायिकेला उचकी लागलीय असं वाटावं. एवढी वर्षं नुसता आवाज तरी सलग होता. आता तोही गेला.

"आई, सोड ना," मुलगा म्हणाला. "तो डबा काढूनच टाकायचाय आपल्याला. तिथे कपाट बसेल. मोबाइलवर बघ काय ते."

"मोबाइलवर आहे का हा सिनेमा?"

त्याने शोधलं. नव्हता.

"मग डबा इथेच राहील," ती म्हणाली.

तो हट्टाला पेटायच्या आधीच ती पेटली होती. दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच कॉम्प्युटर पाहिला. "काकू, म्हातारं झालंय हे. याच्याच्याने सिनेमा ओढला जात नाही. नवीन घ्या."

"उघडून तरी बघा."

"उघडून काय बघायचं? वय दिसतंय की."

तिकीटबाईचा पारा चढला. म्हातारं झालंय हे कारण तिने हल्ली बरंच ऐकलं होतं, गुडघ्यापासून बँकेपर्यंत. तिने त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

संध्याकाळी ती सुनेला म्हणाली, "त्याने कशालाच हात लावला नाही. आपण लावू."

"आई, मला यातलं काही कळत नाही."

"मलाही नाही. बस इथे."

आधी डिस्कवर संशय. सुनेने कुठेतरी वाचलं, गोल गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची. तशी पुसली. फरक नाही. मग दुसरी डिस्क लावली, मुलाच्या लग्नाची. तीही अडकली. नवरामुलगा जेवायला बसला होता आणि घास काही केल्या तोंडापर्यंत पोचेना. सासू-सुना हसून हसून बेजार झाल्या.

"म्हणजे डिस्कचा दोष नाही," सून डोळे पुसत म्हणाली.

कॉम्प्युटरवर मागे चालू असलेलं सगळं बंद केलं. तरी तेच. मग तिकीटबाईने विचारलं, "डिस्कवरचा सिनेमा या डब्यातच उतरवून घेता येईल का?"

पूर्ण सिनेमाएवढी जागा नव्हती. एक तुकडा मावला. उतरायला भलताच वेळ लागला, पण उतरल्यावर लावला तर पाण्यासारखा वाहिला. एकदाही अडकला नाही.

तिकीटबाईने टेबलावर हात आपटला. "म्हातारं झालंय म्हणे! चित्र दाखवायला तो खंबीर आहे. डिस्क वाचून पुढे देणाराच रेंगाळतोय."

आता शोधायचं काय ते ठरलं. सून दोन-तीन दिवस लोकांचे सल्ले वाचत राहिली. निम्म्यांनी नवीन घ्या असंच लिहिलं होतं. त्यांना तिकीटबाईने भीक घातली नाही. शेवटी एकाचं लिहिणं पटलं. डिस्क वाचताना पुन्हापुन्हा चुका झाल्या, की कॉम्प्युटर डिस्क वाचणाऱ्या भागाला, म्हणजे ड्राइव्हला, आपणहून हळू चालवायला लागतो. आणि पुढे सगळं ठीक असलं तरी पुन्हा वेगात आणत नाही.

"शिक्षा देऊन विसरून गेला," तिकीटबाई म्हणाली.

सेटिंगमध्ये पाहिलं, तर तसंच होतं. चुका का झाल्या असतील ते बघायला डबा उघडणं भाग होतं. त्यासाठी मुलाला हाक मारली. तो कुरकुरत आला, स्क्रू काढले, आणि ड्राइव्हची केबल त्याच्या बोटाला लागताच हलली. "ही तर सैल आहे," तो हळूच म्हणाला. त्याने ती घट्ट बसवली. सुनेने ड्राइव्हच्या जोडणीची जुनी नोंद काढून टाकली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, म्हणजे त्याने ओळख नव्याने करून घ्यावी.

डिस्क लावली. नायिका दारात आली, आत आली, पाणी प्यायली, बोलली. उचकी गेली होती. मुलगा स्क्रू हातात तसेच धरून खाली बसला.

"कपाट बाहेरच्या खोलीत टाकू," तो म्हणाला.

"गप्प बस. बोलणं ऐकू दे," तिकीटबाई म्हणाली, जरी ते बोलणं तिला तोंडपाठ होतं.

खरं सांगायचं, तर सिनेमा बेताचाच होता. नायकाचा गोड आवाज ऐकून तिने जो माणूस मनात धरला होता, त्याच्या जागी हा पोट सुटलेला गृहस्थ निघाला. पण मग ती जागा आली. घरातून हाकललेली नायिका भर रस्त्यात आपली ट्रंक टेकवते आणि तिच्यावर बसते. मागे ट्रक थांबतात, गाड्या थांबतात, माणसं उतरून येतात. ती कुणाकडेच बघत नाही. बसून राहते, बस्स.

कॉम्प्युटरमधून टाळ्या येणार नव्हत्या. त्या तिकीटबाईने वाजवल्या, एकटीने, आणि मुलगा-सून बघत राहिले तरी थांबली नाही.

सिनेमा संपला तशी सून दिवा लावायला उठली. "आता, आई?"

"आता काय, तेव्हाचे सगळेच बघायचे राहिलेत माझे," ती म्हणाली. "उद्या त्या टोपलीकडे मला घेऊन चल."